कॅमेऱ्याची भीती घालवणारे दादासाहेब

पंचवटी (नाशिक) - रामकुंडावर पर्वणीच्या दिवशी वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे आले, की एक दृश्य हमखास दिसते. स्नान आटोपून ओलेत्याने पायऱ्या चढणाऱ्या एखाद्या भाविकासमोर वार्ताहर बूम धरतो आणि क्षणापूर्वी सोबत्यांशी मोकळेपणाने गप्पा मारणारा तो माणूस एकाएकी अवघडतो. हातांचे काय करावे ते त्याला उमगत नाही, नजर भिंगावरून हलत नाही, आवाज बदलतो आणि तोंडातून पाठ केल्यासारखी दोन वाक्ये बाहेर पडतात. वार्ताहर नवखा असेल तर त्याचीही गत फारशी वेगळी नसते. कॅमेऱ्यासमोर मुलाखत घ्यायला शिकणे म्हणजे प्रश्नांची यादी घोकणे नव्हे, समोरच्या माणसाचे अवघडलेपण घालवणे आहे, हे चार फजित्या झाल्यावरच त्याच्या ध्यानात येते.

नाशिकला हा प्रश्न नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच गोदाकाठी एका गृहस्थाने तो आपला आयुष्यभराचा उद्योग मानला होता. त्यांच्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता, त्यामुळे प्रश्न विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र कधीही कॅमेरा न पाहिलेल्या माणसाला त्याच्यासमोर उभे करून त्याच्याकडून खरेपणा कसा काढून घ्यायचा, ही विद्या त्यांनी स्वतः शोधली, स्वतः शिकली आणि शेकडो जणांना शिकवली. हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. घराणे वैदिक परंपरेतले, वडील संस्कृतचे पंडित. वडिलांना मुंबईत अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ मध्ये धुंडिराजाने जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, शिल्पकाम, वास्तुकला, छपाई अशा अनेक गोष्टींचे शिक्षण झाले. त्यांतच छायाचित्रणाची गाठ पडली आणि ती सुटली नाही.

छायाचित्रकार म्हणून व्यवसाय मांडल्यावर मात्र त्यांना पहिला धडा मिळाला, तो यंत्राचा नव्हे, माणसांचा. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, छबी काढून घेतली की आयुष्य कमी होते, अशी समजूत त्या काळी सर्वदूर होती. गिऱ्हाईक दाराशी येऊन परत फिरे. बडोद्याच्या राजघराण्यातील एका राजपुत्रानेही याच भीतीपोटी छायाचित्र काढून घेण्यास आधी नकार दिला होता आणि दादासाहेबांनी त्याची समजूत घातली होती, अशी हकिकत सांगितली जाते. धंदा त्याने फारसा वाढला नाही. मात्र भिंगासमोर बसलेल्या माणसाच्या मनात काय चालते, याची जाणीव दादासाहेबांना झाली ती या दिवसांत. आज मुलाखतकाराला जे पहिल्यांदा शिकवावे लागते, ते त्यांना गिऱ्हाइकांनी शिकवले.

गोध्र्याला स्टुडिओ असताना प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. दादासाहेब गोध्रा सोडून परतले. त्यानंतरची दहा वर्षे धरसोडीची वाटतात. जादूचे प्रयोग शिकून त्यांनी ते प्रोफेसर केल्फा या नावाने केले. हे नाव म्हणजे फाळके या आडनावाची अक्षरे उलटी फिरवून केलेली गंमत. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी धरली, तीही सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, भागीदारांशी बिनसले आणि तोही सुटला. नंतर पाहता यातले काहीच वाया गेले नाही, असे दिसते. जादूगाराला प्रेक्षकांची नजर कुठे वळवायची ते कळते, तर रंगभूषा करणाऱ्याला चेहऱ्यावर उजेड कसा पडतो ते. या दोन्ही गोष्टी पुढे कामी आल्या.

१९११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. येशूच्या जागी राम आणि कृष्ण पडद्यावर दिसू लागले तर काय होईल, या विचाराने त्यांना झपाटले. रात्रंदिवस चित्रपट पाहण्यामुळे आणि जागरणांमुळे डोळे अधू झाले, दृष्टी जाण्याची वेळ आली. उपचारांनी ती वाचली. विमा पॉलिसी गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशावर फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे बायोस्कोप या साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ त्यांना पाहायला मिळाला. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून एप्रिलमध्ये ते परत आले. एवढ्या थोडक्या मुक्कामात यंत्र समजले. माणसे हाताळण्याचे शिक्षण तेथे मिळण्यासारखे नव्हते.

कॅमेऱ्यासमोर त्यांनी पहिल्यांदा माणूस उभा केलाच नाही. कुंडीत वाटाणा पेरला, रोज ठराविक वेळी थोडी थोडी फिल्म चालवली आणि अंकुराचा वेल होताना मिनिटभरात दाखवला. रोपट्याला लाज वाटत नाही, ते भिंगाकडे पाहत नाही आणि मध्येच थांबतही नाही. हा छोटा चित्रपट पाहून भांडवल देणारे पुढे आले. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली.

'राजा हरिश्चंद्र'साठी माणसे हवी होती. वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. आलेले उमेदवार पाहून, दिसायला बरे असतील त्यांनीच यावे, असे पुढच्या जाहिरातीत घालावे लागले, असे सांगतात. स्त्री कलाकार तर मिळेचना. नाटकातली पुरुष मंडळी लुगडे नेसायला तयार असत, परंतु मिशी काढायला नाही. वडील हयात असताना मिशी उतरवणे म्हणजे अशुभ! अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेला अण्णा साळुंके हा तरुण दादासाहेबांच्या नजरेस पडला. त्याचे हात नाजूक होते, चेहरा रेखीव होता. दहा रुपयांच्या पगाराऐवजी पंधरा रुपये देऊ करून त्यांनी त्याला तारामती केले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके आणि रोहिदास झाला दादासाहेबांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र.

या मंडळींना शिकवायचे काय होते, हे समजण्यासाठी त्या कॅमेऱ्याची तऱ्हा पाहावी लागते. कॅमेरा तिपाईवर घट्ट रोवलेला. हाताने दांडा फिरवायचा, सेकंदाला साधारण दोन फेरे. एका सेकंदात जवळपास एक फूट फिल्म खर्ची पडे आणि ही फिल्म परदेशातून येई. उजेड सूर्याचा, तोही ढग येईपर्यंत. नट चौकटीबाहेर गेला की फिल्म गेली, भिंगाकडे पाहिले की गेली, संकोचाने थबकला तरी गेली. नाटकात काम केलेल्यांची खोड उलटी होती. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी हात उंच फेकायचे, मान झटकायची, प्रत्येक भाव दुप्पट करून दाखवायचा. कॅमेरा मात्र चार हातांवर उभा असे आणि एवढ्या जवळून ते सारे खोटे दिसे. ज्यांनी कधी काम केलेच नव्हते, ते लाकडासारखे उभे राहत. म्हणजे काहींचे शिकलेले विसरवायचे आणि काहींना मुळापासून शिकवायचे, असा दुहेरी उद्योग होता.

दादासाहेबांनी यावर जो मार्ग काढला, त्यात फारसे गूढ काही नव्हते. मुंबईत दादरच्या बंगल्यात सारी मंडळी एका कुटुंबासारखी ठेवली. एकत्र जेवण, एकत्र काम, पुनःपुन्हा तालीम. प्रत्येक हावभाव ते आधी स्वतः करून दाखवत. चित्रपटात काम करतो, असे सांगायची नटांना लाज वाटे, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहोत, असे सांगायची त्यांनी मुभा दिली होती, ही आठवण प्रसिद्धच आहे. २००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या मराठी चित्रपटाचे नावही त्यावरूनच आले. मूकपटाची एक सोय होती. कॅमेरा फिरत असतानाही दिग्दर्शकाला मोठ्याने बोलता येई, धीर देता येई. आज मुलाखत घेणारा समोरच्याचे उत्तर चालू असताना मान डोलावतो, हसतो, डोळ्यांनी पुढे बोला म्हणून सांगतो, तेच काम दादासाहेबांचा आवाज करीत असणार.

सरस्वतीबाईंचा उल्लेख येथे केला नाही तर ही हकिकत अर्धीच राहील. दादासाहेबांची ही दुसरी पत्नी. इतक्या माणसांचा स्वयंपाक, दिवसा उन्हात नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे, रात्री फिल्मला छिद्रे पाडणे आणि ती धुणे, हे सारे त्यांनी केले. दागिनेही गेले. कॅमेऱ्यासमोर येण्यास मात्र त्यांनी नकार दिला होता, असे सांगतात. सगळीच कामे एकटीने उचलणाऱ्या बाईला त्यासाठी सवड तरी कुठून मिळणार होती?

बाह्यचित्रणासाठी मंडळी मुंबईजवळ वांगणीला गेली, तेव्हा एक प्रसंग घडला. भाले-तलवारी घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना ती दरोडेखोरांची टोळी वाटली. गोष्ट पाटलामार्फत फौजदारापर्यंत गेली. दादासाहेबांनी फौजदाराला समजावून सांगण्याऐवजी कॅमेऱ्यात फिल्म न भरताच समोर एक प्रवेश करून दाखवला आणि सुटका करून घेतली, अशी आठवण आहे. त्याच मुक्कामात भालचंद्र खडकावर पडून त्याच्या डोक्याला मार लागला. मूल बेशुद्ध असताना रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य त्यांनी पुरे केले, असेही सांगतात. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते खरी. आज ती ऐकताना अंगावर काटा येतो. समोरच्या माणसाकडून कॅमेऱ्यासाठी किती घ्यायचे, याची मर्यादा त्या काळी कोणी आखलेली नव्हती. दुःखात बुडालेल्या माणसापुढे बूम धरताना ती आजही ज्याची त्यालाच आखावी लागते.

२१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी आणि ३ मे रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात सर्वांसाठी 'राजा हरिश्चंद्र' दाखवला गेला. यश मिळाले. त्याच वर्षी दादासाहेबांनी मुंबई सोडली आणि नाशिकला बिऱ्हाड हलवले.

नाशिक निवडण्यामागे घरची ओढ होती, तसा हिशेबही होता. नदी, घाट, देवळे, डोंगर, झाडी, सारे हाताशी. त्याहून मोलाची होती ती माणसे. गोदेच्या डाव्या तीरावरच्या पंचवटीत रामकथा पोथीत मिटून ठेवलेली नाही. काळाराम मंदिर, सीतागुंफा, तपोवन, रामकुंड अशी ती रस्त्यारस्त्यावर पसरली आहे. सीताहरण कुठे झाले, हे पंचवटीतले शाळकरी पोर बोट दाखवून सांगते. रामायणातला प्रसंग समजावून सांगण्याची गरज नसलेला कलाकार आणि प्रेक्षक ज्या गावात आहे, त्या गावात पौराणिक चित्रपट काढणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते.

नाशिकला आल्यावरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये त्यांना प्रथमच स्त्रिया मिळाल्या. दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीचे आणि त्यांची किशोरवयीन मुलगी कमलाबाई हिने मोहिनीचे काम केले. कमलाबाई पुढे रघुनाथराव गोखले यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले हे त्यांचे नातू, हे २०२२ मध्ये विक्रम गोखले यांचे निधन झाले तेव्हा पुन्हा सर्वांना आठवले. माय-लेकी नाटकातून आलेल्या. बाईच्या जातीने उघड्यावर, यंत्रासमोर उभे राहायचे, याबद्दल समाजाकडून काय ऐकावे लागले असेल, हे सांगायला नकोच.

१९१४ मध्ये दादासाहेब आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. वाहवा झाली, तेथेच राहून काम करण्याचे प्रस्तावही आले. ते त्यांनी नाकारले. महायुद्ध सुरू झाले, कच्च्या फिल्मची आणि भांडवलाची तंगी झाली. या ओढाताणीतून १९१७ मध्ये 'लंकादहन' उभा राहिला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पंधरा रुपयांचा स्वयंपाकी चार वर्षांत एवढा तयार झाला होता! पडद्यावर राम येताच प्रेक्षक पादत्राणे काढून ठेवत, उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागत, या आख्यायिका याच चित्रपटाच्या. हेच साळुंके पुढे कॅमेऱ्यामागे गेले आणि छायालेखक झाले. दादासाहेबांच्या शिकवण्याचा याहून चांगला दाखला सापडणे अवघड.

याच सुमारास त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट केला. त्यात ते स्वतः कॅमेऱ्यासमोर आले. नटांना सूचना देणारे, फिल्म तपासणारे, जोडणारे दादासाहेब त्यात दिसतात. दुसऱ्याला भिंगासमोर निर्धास्त राहायला सांगणाऱ्याने स्वतः एकदा त्या जागी उभे राहून पाहावे, ही साधी गोष्ट आजही कितीजण करतात? त्यांच्या लघुपटांत 'सिंहस्थ पर्वणी' हेही नाव आढळते. तेथे तालीम नव्हती, एकत्र जेवणे नव्हती, गर्दीला करून दाखवण्याची सोय नव्हती. माणूस जसा असेल तसा टिपायचा, एवढेच हाती होते. आजच्या वार्ताहराचे काम ते हेच.

त्यांच्या विद्येचा सर्वांत सुंदर नमुना मात्र घरातच घडला. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्णाची भूमिका त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी हिने केली. कथा सुरू होण्यापूर्वी दादासाहेबांनी एक वेगळीच गोष्ट केली. वेशभूषा न केलेली मंदाकिनी आधी स्वतः म्हणून पडद्यावर येते. जवळून घेतलेल्या चित्रात तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटतात आणि मग ती बघता बघता कृष्ण होते. ही मुलगी कोण आहे, तिला काय येते, याची ओळख प्रेक्षकांना करून दिली जाते. एका अर्थी ही शब्दांवाचूनची मुलाखतच. समोर बाप उभा आहे, तो काहीतरी सांगतो आहे आणि मुलगी त्याला चेहऱ्याने उत्तर देते आहे. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात हा चित्रपट बऱ्याच अंशी जतन झाला आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी दोनच उरली, आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीतली असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे. त्या मानाने मंदाकिनीचे नशीब थोर म्हणायचे.

१९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली होती. पैशाची चिंता मिटली आणि दुसरी सुरू झाली. दादासाहेबांना तालमींसाठी, प्रशिक्षणासाठी वेळ आणि पैसा हवा होता. व्यापारी भागीदारांना वेळेवर चित्रपट हवे होते. खर्चावरून, अधिकारावरून खटके उडू लागले. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, असेच आज म्हणावे लागेल. माणूस घडवायला किती दिवस लागतात, याचा ताळेबंद मांडता येत नाही. दादासाहेब कंपनी सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते परतले, पुन्हा कंपनीत रुजू झाले, अनेक चित्रपट केले. पूर्वीचा मान मात्र परत आला नाही.

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. दादासाहेब तेव्हा साठीत होते. त्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूरला त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट केला, तोच शेवटचा. बोलपटाने त्यांच्यापासून काय हिरावून घेतले, याचा विचार सहसा होत नाही. तंत्र बदलले, नवी मंडळी आली, हे तर झालेच. त्याखेरीज आता कॅमेरा फिरू लागला, की दिग्दर्शकाने गप्प राहायचे होते. नटाला धीर देणारा, पुढची हालचाल सुचवणारा आवाज आता ध्वनिमुद्रणात अडथळा ठरत होता. ज्या माणसाने आयुष्यभर बोलून बोलून माणसांची भीती घालवली, त्याला नव्या स्टुडिओत शांतता पाळा, असे सांगण्यात येत होते.

१९३९ मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव मुंबईत झाला. व्ही. शांताराम आदींच्या पुढाकाराने दादासाहेबांना थैली अर्पण करण्यात आली. त्यांचे अखेरचे दिवस नाशिकमध्ये गेले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली. चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्काराला त्यांचे नाव १९६९ मध्ये मिळाले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारकही उभे राहिले. 'चित्रपट कसे तयार करतात'चे काही तुकडे अजून शिल्लक आहेत. त्यांत दादासाहेब हातवारे करून नटांना काहीतरी समजावताना दिसतात. ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही.